घरी राहणाऱ्याचा पगार

रोज संध्याकाळी सव्वासात वाजता दादा घराची बेल वाजवायचा. किल्ली त्याच्या खिशात असायची. बेल दोनदा वाजायची. पहिली लांब, दुसरी छोटी, आठवण करून दिल्यासारखी. आई हातातलं शिवण बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून उठायची, दार उघडायची आणि विचारायची, "किल्ली नाही का?"

"आहे ना," म्हणत दादा आत यायचा.

सोळा महिने हा संवाद एका शब्दाचाही फरक न होता चालला. त्याआधी सहा वर्षं तो मोठ्या शहरात एकटा राहिला होता आणि तिथे स्वतःचं कुलूप स्वतःच उघडत होता. तीस वर्षांचा, हाताने अतिशय कुशल असा हा माणूस आमच्या उंबऱ्यापाशी पोचला की त्याच्या बोटांतली शक्तीच जायची.

दादा दात बनवतो. दातांचा डॉक्टर वेगळा. डॉक्टर पडलेल्या दाताच्या जागेचं माप घेतो, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, सोबत रंगाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी जोडतो आणि लॅबमध्ये पाठवून देतो. लॅबमध्ये त्या मापात प्लास्टर ओतून पेशंटच्या जबड्याचा हुबेहूब नमुना काढतात. मग दादासारखा कोणीतरी चिनीमातीची भुकटी काचेवर कालवून, बारीक कुंचल्याने थरावर थर चढवून, भट्टीत भाजून एक दात उभा करतो. "पांढरा दात कोणीही करेल," तो म्हणायचा. "खरा दात पांढरा नसतो." खरा दात मुळाशी जुन्या कागदासारखा पिवळट असतो, मधे दुधाळ आणि कडेला पाण्यासारखा आरपार. ती कड साधली नाही तर माणूस हसला की बाथरूमची टाइल दिसते. या धंद्यामुळे दादा कोणाच्याही डोळ्यांकडे बघून बोलत नसे. टीव्हीवर बातम्या लागल्या की जगात काय घडलं ते आम्ही ऐकायचो आणि तो म्हणायचा, "हिचे वरचे चार बसवलेले आहेत. घाईत केलेत."

आमच्या घरात आकडे बोलायची पद्धत नाही. बाबा पाणीखात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची पेन्शन नक्की किती हे आईलाही ठाऊक नाही. ती विचारतही नाही, कारण मग तिला स्वतः शिवलेल्या पडद्यांचे किती मिळतात ते सांगावं लागेल. म्हणून मीही आकडा न सांगता शंभराच्या मापात सांगते. शहरात दादाला शंभर मिळत होते. त्यातले पंचेचाळीस एका खोलीच्या एक तृतीयांश भागाला जायचे. खिडकी ज्या भागात होती तो त्याचा नव्हता. घरमालकाने पंचेचाळीसचे पंचावन्न केले त्या दिवशी बाबांनी त्याला फोन केला.

"किती दिवस दुसऱ्यांच्या भिंतींना पैसे चारणार आहेस? घरी ये. भाडं वाचेल, जेवण वाचेल, धुणं वाचेल. एका वर्षात स्वतःची भट्टी घेशील. स्वतःची लॅब!"

त्या हिशेबात खर्चाची बाजू इतकी देखणी होती, की मिळकतीच्या बाजूकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दादाने नाही, बाबांनी नाही आणि मीही नाही. मला फक्त त्याच्याकडचा चांगला टेबल लॅम्प येणार याचा आनंद झाला होता.

तो आला तेव्हा त्याच्या खोलीत आईचा कारखाना होता. आई पडदे शिवते. लोकांच्या घरांचे, कचेऱ्यांचे, एकदा तर एका सभागृहाचे. सहा वर्षांत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि रिंगांची पोती हळूहळू सरकत त्या खोलीत शिरली होती आणि आता त्यांना बाहेर काढायचं कोणाच्या जिवावर आलं होतं. दादाची कॉट मधोमध लागली. वर दोरीवर कोणाच्या ना कोणाच्या दिवाणखान्याचे पडदे लटकलेले. रोज सकाळी सहाला मशीन सुरू व्हायचं आणि त्या खडखडाटात पडदे बाजूला सारून दादा प्रकट व्हायचा. टाळ्या तेवढ्या पडत नसत.

आमच्याकडे दातांची लॅब एकच. चष्म्याच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की पहिला मजला. कॉम्प्रेसरची घरघर, सगळ्या पृष्ठभागांवर प्लास्टरची पांढरी साय आणि एकच चांगली खिडकी, तीही मालकांच्या केबिनमध्ये. हे मालक बाबांबरोबर रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. त्यामुळे दादाला नोकरी मागायला बाबाच घेऊन गेले. बाबा आधी बसले, मग दादा बसला आणि तोंड उघडल्यावर त्याचा पहिला शब्द होता, "काका."

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. सरांकडे पगार मागता येतो. काकांकडे फार तर खाऊ मागता येतो.

मालक वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटेल. त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. ते काम बघून पगार देत नसत, गरज बघून देत. दर सहा महिन्यांनी ते एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे, दार लोटून घ्यायचे आणि डॉक्टरने नाडी बघावी तसे विचारायचे: भाडं किती? मुलं किती? घरात आजारी कोण? उत्तरं ऐकून आकडा ठरायचा. "मी मशीनं नाही चालवत, माणसं चालवतो," असं ते म्हणायचे. लॅबमधली माणसं त्या दिवशी दाढी न करता यायची.

दादाची नाडी त्यांनी बघितली ती अशी.

"भाडं?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

"आईबाबा?"

"बाबांना पेन्शन आहे," हे उत्तर बाबांनीच दिलं, ताठ बसून.

"जेवण घरचं. धुणं घरचं. मग?"

या 'मग'वर दादाचा हात खिशाकडे गेला. पोर्टफोलिओ म्हणून त्याने स्वतः केलेले बारा दात एका छोट्या डबीत कापूस घालून आणले होते. ती डबी खिशातच राहिली. पगार ठरला चाळीस.

घरी येताना बाबा खुश होते. "चाळीसच्या चाळीस शिल्लक! शहरात शंभरातले किती उरायचे तुझे?"

"पंचवीस," दादा म्हणाला.

"बघ!"

दादाने बघितलं. त्यालाही पटलं. हेच मला आजपर्यंत कळलेलं नाही. दाताच्या रंगातला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला हा साठाचा फरक दिसला नाही.

शिल्लक चाळीस राहिलेही असते. पण आमच्या घरातल्या वस्तू जणू त्याच्या पहिल्या पगाराची वाट बघत थांबल्या होत्या. आधी मिक्सर गेला. मग फ्रिजने थंड करणं सोडून नुसतं गुरगुरणं सुरू केलं. मग बाबांना टीव्हीवरची अक्षरं दिसेनाशी झाली आणि डोळ्यांचा नंबर बदलण्याऐवजी टीव्ही बदलण्यात आला. मागायचं कोणीच नाही. आई फक्त म्हणायची, "चालेल अजून सहा महिने, हाताने वाटीन मी," आणि दादा दुसऱ्या दिवशी खोका घेऊन यायचा. भट्टी घ्यायची होती ती बाजूलाच राहिली. तिचं चित्र त्याने शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीला चिकटवलं होतं. आईने त्याच्याशेजारी खिळा ठोकून कात्री अडकवली.

लॅबमध्ये मात्र दादाचं बस्तान बसलं. पुढचे दात, रंग जुळायला अवघड असलेले, सगळे त्याच्याकडे येऊ लागले. एक डॉक्टरीणबाई तर पेशंटलाच जिना चढून वर पाठवायच्या. चिठ्ठीवर लिहायच्या, "त्या घरी राहणाऱ्या मुलाकडूनच करून घ्यावे." सगळ्या गावात त्याची हीच ओळख झाली होती. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली त्याची वर्गमैत्रीण रस्त्यात भेटली तर ती म्हणाली, "मजा आहे बाबा तुझी, आयतं ताट." दादा हसला. तिच्या खालच्या एका दातावरची कॅप त्याने केली होती, हे तिला माहीत नव्हतं.

सोळाव्या महिन्याच्या तीन तारखेला शहरातल्या त्याच्या जुन्या सीनियरचा फोन आला. त्याने आणखी दोघा-तिघांबरोबर मिळून नवी लॅब सुरू केली होती. मोठ्या खिडकीजवळची जागा रिकामी होती आणि त्यांना दादाच हवा होता. दादा फोनवर बोलत पडद्यांमधून येरझाऱ्या घालत होता. मी मशीनपाशी बसून रिंगा मोजत होते.

"आत्ता किती मिळतो तुला?" सीनियरने विचारलं असावं, कारण दादा हळूच म्हणाला, "चाळीस."

हा आकडा त्याला आणखी दोनदा सांगावा लागला.

फोन ठेवून तो कॉटवर बसला. "त्यांचा नियम आहे. शेवटच्या सॅलरी स्लिपवर जो आकडा असेल त्याच्या दीडपट. पैसे लावणारा पार्टनर स्लिप बघितल्याशिवाय सही करत नाही. महिनाअखेरची स्लिप पाठव म्हणाला."

"म्हणजे साठ."

"साठ."

"पण तुला तिथे शंभर मिळत होते. त्याच शहरात."

"तेव्हाची स्लिप जुनी झाली."

साठात त्या शहरात राहता येणार नव्हतं. खोलीच पंचावन्नची. म्हणजे गोष्ट सरळ होती: महिनाअखेरच्या स्लिपवर चाळीसच्या जागी मोठा आकडा आला, तर दादा जाणार. नाही आला, तर ती खिडकीजवळची जागा दुसऱ्याला जाणार आणि दादा पडद्यांतच म्हातारा होणार. हातात सत्तावीस दिवस होते.

त्याच दुपारी आम्ही तालीम केली. इस्त्रीच्या टेबलामागे मी मालक होऊन बसले.

"सर, थोडं बोलायचं होतं."

"बोल."

"म्हणजे थोडंच आहे."

"बोल की."

"तुम्ही कामात असाल तर मी नंतर येतो."

"दादा, मी कामात नाही. मी तुझी बहीण आहे."

"हो, पण काका कामात असतील तर?"

"सर म्हण आधी!"

तिसऱ्यांदा त्याने 'काका' म्हटलं तेव्हा बाबा दारात उभे होते. काय चाललंय ते आईने त्यांना सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. शहरातल्या नोकरीचं त्यांना तेवढं काही वाटलं नाही. त्यांना झोंबले ते 'पगार वाढवून मागणार' हे शब्द.

"मागणार? त्यांच्याकडे? रोज माझ्याबरोबर चालतात ते. त्यांना काय वाटेल, आमच्या घरात खायला नाही? थांब तू. मी बोलतो."

"बाबा, नको."

"मी तुझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त बोललोय लोकांशी."

बाबा बोलले. तिसऱ्या फेरीला, टाकीच्या सावलीत. काय बोलले ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, दादाला केबिनमध्ये बोलावणं आलं तेव्हा. त्याने घरी येऊन ते जसंच्या तसं ऐकवलं.

"बस," मालक म्हणाले होते. "तुझे बाबा म्हणजे लाखातला माणूस. काल मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, पोराला पैशाची काही गरज नाही हो. घरात काय कमी आहे त्याला? फक्त त्याला जरा मान द्या."

आणि मालकांनी मान दिला. मान म्हणजे एक खुर्ची. काळी, चाकांची, पाठीला जाळी असलेली. लॅबमध्ये बाकी सगळे लाकडी स्टुलावर बसायचे. खुर्ची दादाच्या टेबलाजवळ ढकलत आणली गेली आणि सगळ्यांनी काम थांबवून बघितलं. त्याच दिवशी प्लास्टरचं काम करणाऱ्या माणसाला दहाची वाढ मिळाली, कारण त्याची सासू पुन्हा आजारी पडली होती.

"तुझं काय चुकतं सांगू?" जिन्यात चहा पिताना प्लास्टरवाले दादाला म्हणाले. ते वयाने बरेच मोठे होते आणि त्यांनी ओतलेले जबडे नेहमी थोडे तिरके असायचे. "तू केबिनमध्ये दात घेऊन जातोस. मी सासू घेऊन जातो."

"खरंच आजारी आहे का ती?"

"ती बाई माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. मंगळवारी पोहायला जाते." त्यांनी चहा फुंकला. "हे बघ, स्लिपच हवी ना? झेरॉक्सच्या दुकानात छापून देतात. हुबेहूब."

दादाला ते जमेना. आयुष्यभर खोटे दात बनवून लोकांच्या तोंडात बसवणारा हा माणूस, त्याला एक खोटी स्लिप पचेना.

"मग भाडं दाखव," प्लास्टरवाले म्हणाले. "खरं भाडं. त्यांना भाडं फार लागतं मनाला."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येईल की नाही, मला सांगता येत नाही. कोणाचा आवाज चढला नाही. चढवायची आम्हाला सवय नाही.

"तुम्ही काय बोललात ते कळलं मला," दादा म्हणाला.

"तुझी बाजू मांडली मी."

"मला गरज नाही म्हणालात."

"मग काय गरज आहे म्हणायचं? पाणीखात्यात चौतीस वर्षं काढली. एकाही माणसापुढे हात पसरला नाही."

"हात मी पसरणार होतो, बाबा."

"हात माझाच दिसला असता."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवण निवतंय." हे वाक्य आमच्याकडे भांडणाच्या शेवटी नाही, मध्यावर येतं, आणि त्यानंतर भांडण तसंच भिजत पडतं. पण त्या दिवशी दादा जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच म्हणाला, "मी खोली घेतोय. भाड्याने. इथेच, पोस्टाच्या मागे."

"इथेच? गावात?" बाबांचा हात थांबला. "स्वतःचं घर असताना?"

"महिनाभर तरी."

"लोक काय म्हणतील, बापाने बाहेर काढलं म्हणतील."

दादा बाबांच्या दातांकडे बघत होता, सवयीने.

खोली तळमजल्यावर होती, मागच्या बाजूला. भाडं वीस. म्हणजे त्याच्या पगाराचा अर्धा. घरमालकीण एकट्या राहायच्या, निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी पत्ता विचारला, मग चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"चार रस्ते सोडून घर आहे तुमचं."

"हो."

"आई सावत्र का?"

"नाही हो, सख्खीच आहे."

"मग व्यसन असणार," असं म्हणून त्यांनी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं.

करारावर सही झाली ती आठ तारखेला. नऊ तारखेला आई तिथे गेली. पिशवीतून टेप काढून खिडकी मोजली, दोन्हीकडून, आणि परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खिडकीला पडदा लागला होता. करड्या रंगाचा, खाली दुहेरी दुमड घातलेला. गिऱ्हाइकांना ती अशी दुमड घालत नाही, कापड फार लागतं.

डबा मी न्यायचे. तेव्हा लक्षात आलं, की आम्ही ज्याला घरात बसून खाऊ घालत होतो, त्यालाच आता चार रस्ते चालून खाऊ घालत होतो आणि वर वीस भरत होतो. शहाण्या माणसांनी ठरवून केलेला इतका बिनडोक व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. फक्त दादाचा रंग जरा बदलला होता. डबा उघडायच्या आधी तो आता ताट स्वतः विसळून घ्यायचा.

करार त्याने मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी तो वाचला आणि परत दिला. "बघू," म्हणाले. त्यांना संशय आला होता. तो बरोबरही होता. गरज मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मुद्दाम विकत आणलेली गरज त्यांना वासावरून कळली असणार. खरं काय ते त्यांना एकच माणूस सांगू शकत होता आणि तो रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी चालत होता.

सतरा तारखेला मी वाचनालयातून मैदानाच्या वाटेने येत होते. ते दोघं पुढे होते. मी हाक मारणार इतक्यात मालकांचं बोलणं कानावर आलं आणि मी पाच पावलं मागेच राहिले.

"एक विचारू का? पोरगं म्हणे वेगळं राहतं. खरं आहे?"

बाबा चालत राहिले. टाकी गेली, बाकं गेली, अर्धी फेरी झाली. बाबा खरं सांगणार, हे मला माहीत होतं. त्यांना खोटं बोलता येत नाही. 'नाटक आहे हो पगारासाठी' असं ते म्हणणार, कारण त्याने घराची अब्रू राहते, आणि मग सगळंच संपणार.

"हो," बाबा म्हणाले. "मीच बाहेर काढला."

"काढलात? पोटच्या पोराला?"

"पटेना."

"कशावरून पटेना?"

चौतीस वर्षं सरकारी कागदांवर खरं लिहिलेल्या माणसाला कारण सुचेना. पुढच्या खांबापर्यंत ते शोधत राहिले.

"टीव्ही मोठा लावतो," बाबा म्हणाले.

मालक थांबले. बाबांनाही थांबावं लागलं. "टीव्हीच्या आवाजावरून तुम्ही पोराला रस्त्यावर आणलंत?"

"वीस जातात त्याचे भाड्याला," बाबा खाली बघून म्हणाले. "चाळीस मिळतात, त्यातले वीस. उरलेल्यात काय खात असेल देव जाणे. पण मी घरात घेणार नाही."

"तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं मला," मालक म्हणाले. त्यांनी चपला झटकल्या आणि फेरी अर्धी सोडून फाटकाकडे निघून गेले. बाबा तिथेच उभे राहिले. मग त्यांनी राहिलेली फेरी एकट्याने पूर्ण केली. मी दुसऱ्या बाजूने घरी गेले आणि भाजी चिरायला बसले.

दुसऱ्या दिवशी दादाला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वडिलांवर राग धरू नकोस. म्हातारपणी होतात माणसं अशी. त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं माझ्यापाशी. टीव्हीवरून! भाडं वीस ना? मी वीस वाढवतो. आणि जेवत जा नीट."

वाढ झाली ती बरोबर भाड्याएवढीच. एका दाताचीही त्यात भर नव्हती. सोळा महिन्यांत त्याने चारशेहून जास्त दात केले होते. ते सगळे मिळून मालकांच्या हिशेबात एका टीव्हीच्या आवाजापेक्षा हलके निघाले.

त्या संध्याकाळी दादा घरी आला आणि सोफ्यावर बाबांशेजारी बसला. बातम्या चालू होत्या. दादाने रिमोट उचलून आवाज दोन घरं कमी केला.

"वाढव," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ऐकू येत नाही मला."

दादाने वाढवला. दोघांनी हवामान संपेपर्यंत पाहिलं.

महिनाअखेरीस साठाची स्लिप आली आणि शहरातून नव्वदचं पत्र. शंभर सोडून आलेला माणूस नव्वदवर परत चालला होता, भट्टीशिवाय, एक मिक्सर, एक फ्रिज आणि एक टीव्ही मागे ठेवून. बाबा म्हणाले, "नव्वद म्हणजे जवळजवळ शंभरच." त्या आठवड्यात आईने दोन गिऱ्हाइकांची मापं चुकवली.

राजीनामा दिला तेव्हा मालकांना खरंच वाईट वाटलं. "गरजेला धावून गेलो मी तुझ्या," ते म्हणाले. "हल्ली उपकाराची जाणीवच राहिली नाही कोणाला." चाकांची खुर्ची त्याच दुपारी प्लास्टरवाल्यांकडे गेली. बाबांबरोबर मालक अजूनही चालत नाहीत. मैदानात ते उलट्या दिशेने फेऱ्या मारतात, त्यामुळे दोघं प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येतात आणि दोन्ही वेळा टाकीकडे बघतात.

जायच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी येऊन उभी होती. दोन बॅगा, कुंचल्यांची पेटी आणि माझा झालेला, आता पुन्हा त्याचा झालेला टेबल लॅम्प. आई दारात, बाबा गाडीवाल्याला रस्ता समजावून सांगत होते, त्याने विचारलेलं नसतानाही. दादा मागच्या सीटवर बसला, काच खाली केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"मागच्या दोरीवर माझे दोन मोजे राहिलेत. वाळले की तूच वापर, पण डाव्याचा अंगठा फाटलाय."